घड उतरल्यानंतर

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेला रावेर-यावलचा पट्टा म्हणजे केळीचे आगर. भुसावळहून खंडव्याकडे निघालेल्या गाडीतून सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके मागे पडतात, पण दुतर्फा बागांची हिरवाई सरत नाही. जळगावच्या या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

घड उतरून काट्यावर गेला की व्यापाऱ्याचे काम संपते. शेतकऱ्याची चिंता तेथून सुरू होते. केळीच्या खोडाला एकदाच घड येतो. मागे उरते पाण्याने जड झालेले, पुरुषभर उंचीचे खोड. ते तोडून बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला टाकायचे, तर त्याची मजुरीही पदरची.

याच खोडाच्या पदरांत धागा दडलेला आहे. उभ्या चिरलेल्या पट्ट्या यंत्राच्या फिरत्या पात्यांपुढे सरकवल्या की गर खरवडून निघतो आणि चमकदार तंतू हाती येतात. धुऊन वाळवल्यावर त्यांचे दोर, चटया, पिशव्या, हातकागद, इतकेच नव्हे तर कापडही होते.

हिशेब मात्र चोख मांडावा लागतो. खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. शंभर किलो खोडामागे धागा किलोभराच्या आसपास. असे खोड दूरच्या कारखान्यात नेणे म्हणजे पाण्याचे भाडे भरणे. शिवाय तोडलेले खोड पडून राहिले की काळवंडते आणि धाग्याचा रंग उतरतो. म्हणून यंत्र बागेजवळच हवे. साहजिकच त्यावरची मजुरीही गावातच राहते.

तरीही केवळ धाग्याच्या भरवशावर हा उद्योग तग धरणे कठीण. उरलेल्या नव्याण्णव किलोंचे मोल व्हावे लागते. गुजरातेतील नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत सिद्ध केले आहे. चोथ्याचे शेणासह उत्तम कंपोस्ट होते. केळीचे पीक जमिनीतून पालाश मुबलक उचलते. खोड बाहेर फेकले की तोही जातो आणि परदेशातून आलेले पालाशचे पोते पुन्हा विकत घ्यावे लागते.

यंत्राची किंमत विचारण्याआधी धाग्याचा ग्राहक निश्चित करावा आणि रस-चोथ्याची वाट शेताकडे वळवावी. व्यापारी घराण्यांना ही रीत नवी नाही. रावेरच्या बांधावर पडलेले खोड अशाच जाणत्या हिशेबाची वाट पाहत आहे.