आत्तीची नदी

नेसरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती ही जागा. आठवायलाच हवी. मला मात्र आधी घटप्रभा आठवते, आणि घटप्रभेच्याही आधी आत्ती.

वडील मुंबईला गिरणीत होते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष तेव्हा तिकडंच असायचा आणि घर मनीऑर्डरीवर चालायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. आई दुसऱ्यांच्या रानात रोजगाराला जाऊ लागली. आत्ती, वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. ती म्हशी घेऊन नदीला निघायची, तिच्या मागनं आम्ही पोरं.

तहान लागली तर तिच्याकडं पाणी मागायचं नाही. धारेपासून जरा लांब वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, झिरा पुन्हा भरेपर्यंत थांबायचं आणि मग ओंजळीनं प्यायचं. ते थांबणं फार अवघड जायचं. भूक लागली तर खेकडे. पाठीवरनं दाबून धरायचे, नांग्या मोडायच्या, निखाऱ्यावर टाकायचे. अनोळखी डोहात उतरण्याआधी वाळकी काटकी पाण्यात सोडायची. ती गरगरली की तिथं पाय घालायचा नाही. मृगाच्या पावसात चढणीचे मासे ओहोळातनं शेतात शिरायचे. हातांनीसुद्धा सापडायचे, आम्ही बेभान व्हायचो. आत्ती बांधावरनं ओरडायची, “घरापुरतंच घ्या रं! पोटात अंडी हाईत त्यांच्या.”

त्या दिवसांत आम्ही गरीब होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. तारेवाडीला आहे, कानडेवाडीला आहे. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात, पुढच्या पावसाआधी बरगे काढतात. वर फाटकवाडीचं धरण आहे. नाचणीच्या रानांत ऊस उभा राहिला. ज्या घरातली आई रोजगारावर राबली, त्या घरातल्या पोरानं या पाण्याला नावं ठेवू नयेत, आणि मी ठेवत नाही. पण वाळू ट्रॉल्या भरभरून गेली, तिच्याबरोबर झिरे गेले. ते मला सोसत नाही.

आत्ती चैत्रात गेली. रक्षाविसर्जनाला आम्ही तिच्याच घाटावर उतरलो. बरगे घातलेले होते, पाणी तुडुंब आणि थांबलेलं. राख जिथं सोडली तिथंच तरंगत राहिली. चुलतभावानं शेवटी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ती हातानं पुढं सारली. पाण्याची ओढ कुठं आहे, हे दुरून सांगणारी बाई, आणि तिच्या वाट्याला ओढच नव्हती.

उत्तरकार्याला तिच्या वयाची एक मैतरीण काठी टेकत आली. जेवण झाल्यावर आम्हा भावंडांना जवळ बसवून म्हणाली, “तुमची आत्ती पवायला कशी शिकली, ठावं हाय? म्हशीचं शेपूट धरून! आम्ही दोघी. घरात कळलं असतं तर चामडी लोळवली असती. मग लुगडी दगडावर वाळत घालायचो नि वाळंस्तवर करवंदीच्या जाळीआड बसून करवंदं खायाची.” आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. म्हातारीलाच नवल वाटलं.

“ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई व्हय तिनं तुम्हांस्नी?”