नाण्यावरील मळ

उन्हाळ्यात धरणाचे आवर्तन थांबून गोदावरीचे पाणी ओसरू लागले, की रामकुंडाच्या पायऱ्यांवर आणि खालच्या घाटांवर एक निराळीच वर्दळ सुरू होते: दोरीला लोहचुंबक बांधून ते पाण्यात फेकणारी मुले, चाळणीने गाळ उपसणारे प्रौढ, आणि काठावर बसून हाती लागलेल्या ऐवजाची प्रतवारी करणारी माणसे. यात्रेकरूंनी गंगामाईला वाहिलेला पैसा असा पुन्हा चलनात येतो, आणि त्यात काही गैर आहे असे येथे कोणासही वाटत नाही. हे चुंबक मात्र मोठे पक्षपाती असते. १९८८ पासून आपल्या टांकसाळींनी जी पोलादी नाणी पाडली, ती त्याला तत्काळ चिकटतात. त्यापूर्वीची तांब्याची, कांशाची, ॲल्युमिनियमची आणि चांदीची नाणी त्याच्या अंगाखालून निसटून जातात. जुन्यांपैकी त्याला वश होतो तो १९४७ चा वाघाच्या छापाचा निकेलचा रुपया आणि त्याची निकेलचीच काही भावंडे. म्हणजे ज्याला केवळ खर्चण्याजोगा पैसा हवा, त्याला चुंबक पुरेसे आहे. ज्याला गतकाळ हवा, त्याला दुसरे साधन शोधावे लागते.

ते साधन आमच्याकडे पूर्वी माणसाच्या हातातच होते. सराफकट्ट्यावरील केर आणि भट्टीतील राख विकत घेऊन, ती पाण्यात धुऊन, तळाशी बसलेले सोन्याचे कण वेचणारे झारेकरी हे आपल्या बाजारपेठांचे जुने सोबती. त्यांची बोटे मातीतला धातू डोळ्यांआधी ओळखीत. आता परदेशातून आलेल्या यंत्राला तेच काम तारेच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या विजेच्या साहाय्याने करता येते: वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत पालटत असते, त्यामुळे जमिनीखालील धातूत भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांचा प्रतिसाद कानाला लावलेल्या यंत्रात ध्वनिरूपाने उमटतो. इंग्लंडमध्ये हा हजारो लोकांचा छंद होऊन बसला आहे, आणि तेथील सरकारने १९९६ साली त्यासाठी नवा निधि-कायदा केला. आम्हां नाशिककरांस मात्र ‘मेटल डिटेक्टर’ म्हटले की सिंहस्थातील ती चौकट आठवते, जिच्यातून लक्षावधी भाविक रांगेने आत जातात. छंद म्हणून हे यंत्र घेऊन रानोमाळ हिंडणारा मनुष्य आपल्याकडे विरळाच, आणि तो विरळा आहे हे एका अर्थी बरेच आहे.

कारण कायदा आहे, आणि कायद्यापलीकडेही एक कारण आहे. १८७८ चा निधि-कायदा अजून अमलात आहे. त्यान्वये जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी लागते, आणि मूळ धनी न निघाल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक हिस्सा जमीनमालकाचा, अशी वाटणी सामान्यतः ठरलेली आहे. सरकारला मोबदला देऊन तो ऐवज आपल्याकडे घेण्याचा अधिकार आहे. दहा रुपयांची ही मर्यादा त्या काळी दहा तोळे वजनाच्या चांदीच्या नाण्यांइतकी होती. आज तेवढ्यात काय येते, हे वाचकांस सांगावयास नको. संरक्षित स्मारकांच्या हद्दीत परवानगीवाचून खोदकाम करणे तर सरळसरळ गुन्हा आहे. पण कायद्याचे भय नसते तरीही मी हे यंत्र हाती धरण्यापूर्वी विचार केला असता, आणि त्याचे कारण आमच्याच जिल्ह्यातील एका गाडग्याने दिले आहे.

सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमापाशी, जोगळटेंभी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा जो साठा निघाला, त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांची छाननी करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. ती सर्व नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची: एका बाजूस राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि सोबत ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिपींतील त्याचे नाव. परंतु त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शंभरांत सत्तरांवर, दुसऱ्याच एका राजाचा ठसा वरून हाणलेला होता: कमानींचा चैत्य, उज्जयिनी चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. जिंकलेल्या राजाने हरलेल्या राजाचा खजिना ताब्यात घेतला, आणि तो वितळविण्याच्या खटपटीत न पडता त्याच्यावर आपली मुद्रा उठवून तो पुन्हा बाजारात सोडला.

आता असे समजा, की त्या गाडग्यावर एखादा यंत्रधारी छंदिष्ट आला असता आणि त्यातील बरी दिसणारी चार-दोन नाणी वेचून, बाकीची त्याने सोनाराच्या मुशीत घातली असती. त्या चार-दोन नाण्यांवरूनही दोन ठसे दिसले असते. परंतु तेरा हजारांत एकही नाणे तिसऱ्या राजाचे नाही, ठसा उठविलेली व न उठविलेली नाणी एकाच ठिकाणी राहिली, आणि त्यांतील बहुसंख्य पुन्हा छापलेली होती, हे तीनही निष्कर्ष समूहाचे आहेत. सुट्या नाण्यास ते ठाऊक नसतात. मातीतून एकटे उचललेले नाणे आपले नाव सांगते, पण आपला शेजार सांगत नाही. साक्षीदारास कचेरीत उभे करून त्याची जबानी घ्यावी आणि प्रकरणाचे दफ्तर मात्र जाळून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

नाशिकच्या बाबतीत हे दफ्तर सुदैवाने दगडातही आहे. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याने आपल्या दानाचा तपशील कोरून ठेविला आहे. तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी त्याने गोवर्धनातील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेविली. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण, असे व्याज. पहिल्या व्याजातून वर्षास येणाऱ्या दोनशे चाळीस कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बाराप्रमाणे चीवरासाठी. हिशेब कवडीचाही चुकलेला नाही, आणि ही देणगी निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे नोंदविल्याचेही तेथे नमूद आहे. मला त्या लेखात एखाद्या दक्ष कारकुनाची मान वर न करता लिहिण्याची पद्धत दिसते. जवळच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आज्ञा आहे: गोवर्धनातील अमात्य विष्णुपालितास फर्माविले आहे, की जे शेत आजवर उषवदाताकडे होते, ते येथील भिक्षूंना द्यावे. पुढे त्याची माता गौतमी बलश्री हिने, त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचे त्याच लेण्यात कोरविले. तरीसुद्धा, ज्याचा निःशेष नाश झाला, त्याच्या जावयाचा लेख काही पावलांवर अभंग उभा आहे. सनद बदलली, मालक बदलला. दगडावर मात्र कोणी छिन्नी चालविली नाही. तोच न्याय नाण्यांनाही लागू झाला, म्हणून सातकर्णीच्या चैत्याखालून नहपानाचे नाक आणि हनुवटी आजही डोकावतात. राज्यकर्त्यांच्या ठिकाणी हा संयम होता की केवळ घाई होती, हे सांगता येत नाही. घाई असावी असे मला वाटते. फौजेचा पगार तुंबला असता चांदी वितळविण्याची चैन कोण करील?

आपण मात्र फुरसतीने आणि प्रेमाने पुसतो, आणि म्हणून अधिक पुसतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरोघरी राणीछाप आणि राजाछाप बंदे रुपये डबीतून बाहेर निघतात, चिंच आणि राखेने घासले जातात, व पाटावर लखलखीत होऊन बसतात. पिढ्यान्‌पिढ्या असा अभिषेक झालेल्या रुपयावर व्हिक्टोरिया राणीच्या गालाचा उंचवटा उरत नाही, आणि वर्षाचे आकडे नुसत्या अंदाजाने वाचावे लागतात. श्रद्धेचे हे कार्य मी दोषास्पद मानीत नाही. ते नाणे देवाचे आहे, नाणकशास्त्राचे नाही. परंतु शेतात किंवा वाड्याच्या पायात सापडलेल्या नाण्यावर तोच संस्कार करणाऱ्यास मात्र थांबवावेसे वाटते. चिंचेतील आम्ल तांब्यावरचे लाल व हिरवे थर विरघळविते आणि खाली नुकत्याच जन्मलेल्यासारखा गुलाबी धातू उघडा पाडते. पाहणारा हर्षित होतो, आणि शतकांनी हळूहळू बांधलेली, धातूला स्वतःच राखणारी साय त्याच्या बोटांखालून निघून गेलेली असते. राख तर वाळूचीच धाकटी बहीण. तिने घासलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात.

याउलट सगळाच मळ पूज्य आहे असेही नाही. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येऊन खालचा धातू पोखरू लागते, तो क्षारांचा रोग. त्याच्यावर वेळीच उपाय न केल्यास संपूर्ण नाणे खपते. म्हणजे एकाच हिरव्या रंगात एक थर रक्षक आणि एक भक्षक असतो, व त्यांतील भेद ओळखणे हीच सगळी विद्या. आपल्या नाशिकजवळ, त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी, १९८० साली परमेश्वरीलाल गुप्त व के. के. माहेश्वरी यांनी नाणकशास्त्राची संस्था स्थापन केली. परंतु तेथे संग्रहालय आहे हे गावात अनेकांना ठाऊक नाही, ही आम्हां नाशिककरांच्या उदासीनतेला शोभेशीच गोष्ट. अशा ठिकाणी नाणे पाहण्याची रीत घरगुती उतावळेपणाहून अगदी भिन्न असते: प्रथम वजन, मग माप, मग भिंगातून निरीक्षण, आणि मगच, अगदी आवश्यक असल्यास, शुद्ध पाणी व मऊ कुंचला.

ही रीत मी आमच्या देवघरातील एका शिवराईवर अवलंबिली. शिवराज्याभिषेकापासून पाडल्या गेलेल्या व पुढे दीर्घकाळ खेड्यापाड्यांच्या व्यवहारात राहिलेल्या त्या तांब्याच्या नाण्याला आमच्या घरात कोणी कधी चिंच लावली नव्हती, हे त्याच्या काळपट वर्णावरून उघड होते. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून, बांबूच्या टोकदार काडीने माती हळूच सुटी करता करता पहिल्या बाजूस ‘श्री’ आणि खाली ‘राजा’ ही अक्षरे स्वच्छ वाचता आली. मागे ‘छत्र’ उमटले, आणि त्याखाली ‘पति’चा नुसता डोक्यावरचा भाग. मला वाटले, उरलेले मळाखाली असेल. भिंग लावून पाहिले, तेव्हा तेथे मळ नव्हताच, कड होती. हाताने हाणलेल्या त्या नाण्याचा पत्रा ठशाहून लहान असल्यामुळे ‘पति’ची खालची अर्धी अक्षरे टांकसाळीतच पत्र्याबाहेर राहून गेली, ज्या कारागिराने घण हाणला, त्याच्या हाती ती कधी उमटलीच नव्हती, आणि पुढे ज्यांच्या हातांतून हे नाणे फिरले, त्यांनाही ती वाचण्याची गरज पडली नाही, बाजाराला ‘छत्र’ पुरले. मी काडी बाजूला ठेविली, वजन कागदावर टिपून ठेविले, आणि काळा वर्ण तसाच राहू दिला.