न दिसणाऱ्या भीतीचा किनारा

टोकियोच्या उएनो स्थानकातून ‘हिताची’ एक्सप्रेस सुटते आणि महानगराची गर्दी मागे टाकत उत्तरेकडे धावू लागते. इवाकी शहर गेलं की उजव्या हाताला अधूनमधून पॅसिफिक महासागर डोकावतो, डावीकडे अबुकुमा डोंगरांची रांग सोबत करते. मधल्या चिंचोळ्या पट्टीत भातखाचरं, कौलारू घरं आणि छोटी छोटी स्टेशनं. कोकणातल्या माणसाला घरची आठवण यावी, असा हा मुलूख.

पण गाडीतून उतरलं की काही गोष्टी खटकू लागतात. स्टेशन नवंकोरं असतं, समोरच्या आळीत मात्र घरं पाडून मोकळ्या झालेल्या जागा. एके काळी भात पिकायचं तिथे सौर पॅनलच्या रांगा. आणि शाळेच्या पटांगणात, पालिकेच्या दारात, बागेच्या कोपऱ्यात उभा असलेला एक खांब. त्यावर लाल आकडे झळकत असतात. नवख्याला वाटतं, तापमान असेल. ते तापमान नसतं. हवेत किरणोत्सर्ग किती आहे, हे तो खांब रात्रंदिवस सांगत असतो.

हा जपानच्या फुकुशिमा प्रांताचा समुद्रकिनारा. ‘फुकुशिमा’ या शब्दाचा अर्थ भाग्याचं बेट! पीच फळांसाठी आणि तांदळासाठी ओळखला जाणारा हा प्रांत २०११ पासून साऱ्या जगाला एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक झाला.

त्या दुपारी काय घडलं?

११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. ओकुमा आणि फुताबा या दोन गावांच्या हद्दीवर असलेल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. पण बंद पडलेली अणुभट्टीही लगेच थंड होत नाही. विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यांसारखी तिच्यातली उष्णता धुमसत राहते आणि तिच्यावर सतत पाणी खेळवावं लागतं. पाऊण तासानंतर चौदा-पंधरा मीटर उंचीची त्सुनामी आली. तिने पंप चालवणारी डिझेल जनरेटर्स बुडवली. वीज गेली, पाणी थांबलं आणि तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं. १२, १४ आणि १५ मार्चला हायड्रोजनचे स्फोट होऊन इमारतींची छपरं उडाली.

आधी ३ किलोमीटर, मग १०, मग २० किलोमीटरच्या परिघातली गावं रिकामी करण्याचे हुकूम निघाले. दोन-चार दिवसांत परत येऊ, अशा समजुतीने लोक नेसत्या कपड्यांनिशी निघाले. गोठ्यातली गुरं तशीच राहिली. दीड लाखाहून अधिक माणसं घराबाहेर पडली. त्यांतल्या अनेकांना स्वतःचं घर पुन्हा पाहायला वर्षं लागली.

सव्वादोनशे किलोमीटरवरचं टोकियोही हादरलं. २३ मार्चला शहराच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल किरणोत्सारी आयोडिन आढळलं. तान्ह्या बाळांसाठी मर्यादा १०० ची. ‘बाळाचं दूध या पाण्यात कालवू नका,’ अशी सूचना निघाली आणि दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या. या आयोडिनचं प्रमाण दर आठ दिवसांनी निम्मं होतं, त्यामुळे हे संकट लवकर ओसरलं. सीझियम-१३७ निम्मं व्हायला मात्र तीस वर्षं लागतात. पुढची सगळी चिंता त्याची.

विश्वास कुठे तुटला?

किनाऱ्यावरच्या नामिए गावची गोष्ट ऐकली की इथली माणसं सरकारी निवेदनांवर लगेच विश्वास का ठेवत नाहीत, ते कळतं. गावातले हजारो लोक वायव्येला डोंगरातल्या त्सुशिमा भागात आश्रयाला गेले. केंद्रापासून दूर, म्हणजे सुरक्षित, असा साधा हिशेब. पण वारा वायव्येकडेच वळला आणि १५ मार्चला पावसाबरोबर, बर्फाबरोबर किरणोत्सारी धूळ त्याच डोंगरांवर उतरली. वारा कुठे जाईल, याचा अंदाज बांधणारी संगणक यंत्रणा सरकारजवळ होती. तिचे निष्कर्ष लोकांसमोर आले ते २३ मार्चला!

वीज कंपनीचंही तेच. इंधन वितळल्याचं तिने मे महिन्यात मान्य केलं. ‘मेल्टडाउन’ हा शब्द वापरू नका, अशा सूचना त्या वेळी दिल्या गेल्या होत्या, हे पुढे बाहेर आलं आणि २०१६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. ‘ताबडतोब धोका नाही’ हे वाक्य लोकांनी इतक्यांदा ऐकलं, की त्याचा अर्थच उलटा लागू लागला.

फुताबात २०२० मध्ये उघडलेल्या स्मारक-संग्रहालयात एक जुनी पाटी ठेवली आहे. ‘अणुशक्ती, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा’ अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. ही घोषणा १९८० च्या दशकात गावातल्याच एका शाळकरी मुलाने स्पर्धेसाठी लिहिली होती. गाव ओस पडलं तेव्हा निर्मनुष्य रस्त्यावर हीच कमान उभी होती. विशेष म्हणजे या केंद्राची वीज फुकुशिमा वापरतच नव्हता. ती जायची टोकियोकडे.

ताट मोजणाऱ्या गृहिणी

तुटलेला विश्वास सांधायचा कसा? इथल्या लोकांनी, विशेषतः आयांनी, स्वतःच मोजायला सुरुवात केली.

इवाकी शहरात २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ताराचिने’ नावाची संस्था उभी राहिली. मुलाबाळांच्या काळजीने एकत्र आलेल्या बायकांनी किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं मिळवली, ती चालवायला त्या शिकल्या. परसातली भाजी, अंगणातली माती, समुद्राचं पाणी असे नमुने तिथे तपासले जाऊ लागले. ‘सेफकास्ट’ या गटाच्या स्वयंसेवकांनी मोटारींना मोजणीयंत्रं लावून रस्ते पिंजून काढले आणि सगळे आकडे लोकांसाठी खुले केले.

‘कोऑप फुकुशिमा’ या ग्राहक सहकारी संस्थेने तर थेट स्वयंपाकघर गाठलं. शंभर घरांना सांगण्यात आलं, घरात जेवढी माणसं त्याहून एक ताट जास्तीचं करा आणि ते तपासणीसाठी द्या. या पद्धतीला जपानीत ‘कागेझेन’ म्हणतात. मूळ अर्थ, दूर प्रवासाला गेलेल्या घरच्या माणसाच्या नावाने, तो सुखरूप राहावा म्हणून वाढून ठेवलेलं ताट! बहुतेक ताटांत सीझियम आढळलंच नाही. आढळलं तिथेही ते फार थोडं होतं.

सरकारलाही मग पाऊल उचलावं लागलं. २०१२ च्या एप्रिलपासून अन्नासाठी किलोमागे १०० बेकरेल अशी कडक मर्यादा आली. त्याच वर्षापासून प्रांतातल्या तांदळाचं प्रत्येक पोतं तपासण्याचा उपक्रम सुरू झाला. वर्षाला सुमारे एक कोटी पोती! २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेबाहेर गेलं नाही. तेव्हा कुठे २०२० पासून बहुतेक भागांत नमुना तपासणीवर भागवलं जाऊ लागलं. रानातल्या अळंब्या आणि रानडुकराचं मांस यांवर मात्र बऱ्याच ठिकाणी निर्बंध राहिले, कारण जंगल धुऊन काढता येत नाही.

रोग मोठा की धास्ती?

मग किरणोत्सर्गाने किती माणसं दगावली? संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं आहे, की रहिवाशांच्या प्रकृतीवर थेट किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणता येईल असा दुष्परिणाम दिसलेला नाही. प्रांतातल्या मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची तपासणी झाली. पहिल्याच फेरीत सुमारे तीन लाख मुलं तपासली गेली. वर्षावर्षांच्या फेऱ्यांत तीनशेहून अधिक जणांना कर्करोग किंवा त्याचा संशय आढळला. इतक्या बारकाईने शोधल्यामुळे एरवी कधीच न कळणाऱ्या गाठी सापडल्या, असं या समितीचं मत. ते सर्वांना पटलेलं नाही. २०२२ मध्ये सहा तरुण रुग्ण कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले.

पण दुसरा एक आकडा वादातीत आहे. घर सोडण्याची दगदग, तुटलेले उपचार, एकटेपण आणि निराशा यांमुळे ओढवलेले म्हणून फुकुशिमात नोंदले गेलेले मृत्यू २,३०० हून अधिक आहेत. या प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट गेलेल्यांपेक्षाही जास्त. एका रुग्णालयातून घाईघाईने हलवलेले चाळीसहून अधिक वृद्ध रुग्ण प्रवासात आणि त्यानंतरच्या दिवसांत दगावले. कित्येक घरांत आई मुलांना घेऊन दूरच्या शहरात गेली आणि बाप नोकरीसाठी मागे राहिला. नव्या शाळेत ‘फुकुशिमाचा’ म्हणून चिडवलं गेलेल्या मुलांच्या कहाण्या जपानी वर्तमानपत्रांनी छापल्या. भीतीही माणसाला आजारी पाडते, हे इथे फार जवळून दिसतं.

म्हणून भीती खोटी ठरत नाही. नामिएच्या किनाऱ्यावरची उकेदो प्राथमिक शाळा आता स्मारक म्हणून जपली आहे. त्या दिवशी शाळेत असलेली ८२ मुलं शिक्षकांबरोबर टेकडीकडे चालत गेली आणि सगळी वाचली. गावात ढिगाऱ्याखाली मात्र माणसं अडकलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गाव सोडण्याचा हुकूम आला आणि शोध थांबवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला महिन्याभराने. मदतीला निघालेल्यांच्या मनात तो सल कायम राहिला.

माती, पाणी आणि महाराष्ट्र

डोंगरातलं इइताते हे गोमांसासाठी नावाजलेलं सहा हजार वस्तीचं गाव. ते २० किलोमीटरच्या बाहेर, पण वाऱ्याने त्यालाच गाठलं. ते रिकामं करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला, तोवर लोक तिथेच राहत होते. पुढे शेतांवरची वरची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली गेली. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घालून कसदार केलेली माती! प्रांतभरातून अशी सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती अणुकेंद्राभोवतीच्या साठवण क्षेत्रात आणली आहे. २०४५ पर्यंत ती फुकुशिमाबाहेर हलवायची, असं कायदा सांगतो. ती आपल्याकडे घ्यायला कोण तयार होणार, हा प्रश्न आहेच.

पाण्याचं दुखणं सोमाच्या कोळ्यांना विचारावं. अणुभट्ट्या थंड करताना दूषित झालेलं पाणी शुद्ध करून हजाराहून अधिक टाक्यांत साठवलं गेलं. त्यातला ट्रिटियम वेगळा काढता येत नाही. ‘तुम्हाला समजावल्याशिवाय पाणी सोडणार नाही,’ असा शब्द मच्छीमार संघटनांना २०१५ मध्ये मिळाला होता. त्यांचा विरोध कायम असतानाच २४ ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी भरपूर पातळ करून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते सुरक्षा निकषांत बसतं असं म्हटलं, तर चीनने त्याच दिवशी जपानी मासळीची आयात बंद केली. कोळ्यांचा राग जितका पाण्यावर, तितकाच न पाळलेल्या शब्दावर.

हे सारं मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून मुंबईत काहूर उठलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तज्ज्ञांच्या समितीने ते लोणी खाण्यास योग्य ठरवलं, तेव्हा वाद मिटला. १९६९ पासूनच्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. जैतापूरच्या प्रकल्पाला मच्छीमारांचा आणि आंबेवाल्यांचा विरोध आधीपासून होता, पण फुकुशिमानंतर त्याला धार आली. एप्रिल २०११ मध्ये नाटे इथे गोळीबारात एकाचा बळी गेला. किनाऱ्यावरचा माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला अडाणी समजू नये, एवढं तरी यातून शिकण्यासारखं आहे.

परतीची वाट

२०१४ पासून एकेक गावाचे दरवाजे उघडत गेले. तोमिओका ते नामिए हा रेल्वेचा तुटलेला तुकडा मार्च २०२० मध्ये जोडला गेला. सगळ्यांत शेवटी, ३० ऑगस्ट २०२२ ला, फुताबात पुन्हा राहायची मुभा मिळाली. वर्षाला २० मिलिसीव्हर्टच्या आत असेल तर परतता येईल, असा सरकारी नियम. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, हे लक्षात घेतलं तर लहान मुलांचे आईबाप का कचरतात ते समजतं. परतले ते बहुतांशी म्हातारे. नामिएत पूर्वी एकवीस हजारांवर वस्ती होती, आज ती त्याच्या एक दशांशाच्या आसपास आहे. अणुभट्ट्यांत वितळलेलं सुमारे ८८० टन इंधन अजून तिथेच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातला पहिला नमुना बाहेर काढता आला, तो एक ग्रॅमपेक्षाही कमी!

तरीही एप्रिलमध्ये या किनाऱ्याला जावं. तोमिओकाच्या योनोमोरी भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चेरीच्या झाडांची दोन किलोमीटरहून लांब कमान आहे. कित्येक वसंत ती निर्मनुष्य रस्त्यावर फुलली आणि झडली. २०२३ पासून तिथे पुन्हा मोकळेपणी फिरता येतं. बहराच्या दिवसांत माणसांची गर्दी होते. त्यांतले बरेच जण इथलेच, आता दुसऱ्या शहरात संसार मांडलेले. ते नातवंडांना आपली जुनी शाळा दाखवतात, झाडाखाली बसून डबा खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.