१९३१ सालचे दोन बोलपट



१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. भारताचा पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशीर इराणी सर्वांना ठाऊक असतात; पण तो ज्या नाटकावरून घेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपले बेने इस्राएल, हे परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना मुद्दाम सांगावं लागतं. गोष्ट राजपुत्राची आणि भटक्या टोळीतल्या मुलीची.

त्याच वर्षी, सहा-सात महिन्यांनी, जर्मनीच्या उफा कंपनीने ‘डेर कोंग्रेस टांट्स्ट’ आणला. म्हणजे ‘परिषद नाचते’. काळ १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेचा. गोष्ट रशियाच्या झारची आणि हातमोजे विकणाऱ्या मुलीची. इथेही राजा आणि साधी पोर, इथेही गाणी. निर्माते एरिश पॉमर, दिग्दर्शक एरिक शारेल, संगीतकार वेर्नर हायमान, तिघेही यहुदी.

या पिक्चरचं नाव मी इथे पार्सिपनीत ऐकलं. नोकरीत असताना एका जर्मन यहुदी आजींचं ड्रेसिंग करायची. दुखलं की त्या यातलं गाणं गुणगुणायच्या. एकदा म्हणाल्या, “हे करणारे सगळे गेले गं.” कोण कुठे गेलं, ते मी निवृत्त झाल्यावर वाचलं.

१९३३ मध्ये हिटलर आला आणि दोन महिन्यांत उफाने यहुद्यांना कामावरून काढायचं ठरवलं. पॉमर, शारेल, हायमान देशाबाहेर गेले. यात विनोदी काम करणारे ओटो वालबुर्ग हॉलंडला पळाले, तरी वाचले नाहीत. १९४४ मध्ये आउशवित्झला त्यांना मारलं.

आपल्याकडे यहुदी म्हणून स्टुडिओतून काढणारा कायदा कधी आला नाही. आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा म्हणून घराघरांत पोचले.

आणि तरीही पाहा. तो जर्मन पिक्चर आज घरबसल्या बघता येतो, ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रिंट उरलेली नाही. ज्यांना हाकललं त्यांचं काम राहिलं, आपलं गेलं. दरवेळी वैरीच लागतो असं नाही. कोणी जपलं नाही तरी वस्तू जाते.

म्हणून एक विनंती. घरात जुने फोटो, लग्नपत्रिका, नाटकाची जाहिरात, काही असेल तर या शाब्बाथनंतर पेटी उघडा. घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. नातवंडांना वाचता येत नसेल, तर मराठीखाली इंग्रजीतही लिहा.