बर्लिनचा बेबाकी दाखला

बर्लिन शहरात ज्या कुटुंबास बिऱ्हाड थाटावयाचे असेल, त्याने पैशांच्या आधी कागदांची जमवाजमव करावी. तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र, 'शुफा' नामक संस्थेचा पतीविषयीचा उतारा, आणि यांवर कळस म्हणजे पूर्वीच्या घरमालकाचे पत्र. या पत्रास जर्मन लोक 'मीटशुल्डनफ्रायहाइट्सबेशायनिगुंग' म्हणतात. हा शब्द ज्यास एका दमात उच्चारता येईल, त्याने निम्मी जर्मन भाषा हस्तगत केली असे समजण्यास हरकत नाही. अर्थ मात्र साधा आहे: या भाडेकरूकडे भाड्याची बाकी उरलेली नाही. आपल्याकडील पतपेढ्या जो 'बेबाकी दाखला' देतात त्याच जातीचा हा कागद. फरक इतकाच, की जर्मन भाषेत 'शुल्ड' या शब्दाचे ऋण आणि दोष असे दोन्ही अर्थ होतात. तेव्हा तो दाखला मागताना आपण निर्दोष असल्याचे शिफारसपत्र मागत आहो की काय, असे उगीच वाटत राहते.

'शुफा'चा जन्मही याच शहरात १९२७ साली झाला. तेथील वीज-कंपनी आपल्या गिऱ्हाइकांस विजेची उपकरणे हप्त्यांनी विकीत असे, आणि विजेचे बिल कोण नेमाने भरतो हे तिच्या वह्यांत आयतेच नोंदलेले होते. त्या वह्यांतून आजची ही अवाढव्य संस्था उभी राहिली. परंतु 'शुफा' माणसाची पत आकड्यांत सांगते. तो शेजारधर्माने राहिला की नाही, हे तिला कोठून कळणार?

आम्ही प्रथम मोआबिट भागात राहत होतो. बर्लिनची जुनी घरे पाहून पुणेकरास परके वाटत नाही. रस्त्यावर दर्शनी इमारत, तिच्या पोटातून बोळ, मग चौक, त्याच्या मागे दुसरी इमारत, आणि कोठे कोठे दुसरा, तिसरा चौकही. १८६२ साली होब्रेख्ट नावाच्या अभियंत्याने शहराच्या वाढीचा आराखडा केला. त्याने आखलेल्या मोठमोठ्या चौकटींत मालकांनी अशी घरे दाटीने बांधली. चौक केवढा असावा, याविषयी त्या काळी एकच बंधन होते: आगीचा बंब आत वळला पाहिजे. त्याकरिता सव्वापाच मीटरांहून थोडी अधिक लांबीरुंदी पुरेशी ठरे! वेडिंग भागात 'मायर्स होफ' नावाची एकामागून एक सहा चौकांची इमारत होती. तीत ऐन भरात सुमारे दोन हजार माणसे राहत. ती १९७२ मध्ये पाडली. आमचे बिऱ्हाड मागल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते, आणि मालकीणबाई दर्शनी इमारतीत राहत. खोल्यांना क्रमांक नाहीत. दारावरील घंटीजवळ आडनाव लिहिलेले असते, आणि टपालवालाही त्या नावावरच जातो.

शंभरांतील ऐंशींहून अधिक कुटुंबे जेथे भाड्याने राहतात, तेथे मालकाच्या शब्दास वजन यावे हे ओघानेच आले. आपल्याकडे ही चाल रुजली नाही, आणि तिचे कारण आमच्या मते आपली सचोटी नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानंतर वाड्यातील बिऱ्हाडकरू पिढ्यान्पिढ्या जागा सोडीतच ना; मग पूर्वीचा मालक आणावा कोठून? आपल्याकडे महत्त्व आले ते भाडेपावतीस. आजोबांच्या नावाच्या पावत्या ट्रंकेत जपून ठेवलेली घरे वाचकांच्या परिचयाची असतीलच.

मोआबिटचे घर मालकीणबाईंच्या पुतण्यास हवे होते म्हणून आम्ही नोव्हेंबरात ते सोडले व तात्पुरत्या सजवलेल्या खोल्यांत राहू लागलो. पुढे मे महिन्यात फ्रीडेनाउ भागात मनाजोगे घर दिसले. हा भाग टापटिपीचा. घरांपुढे लहानशा बागा. कादंबरीकार ग्युन्टर ग्रास पूर्वी येथे राहत असत. घर पाहावयास जिन्यावर रांग लागली होती. व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी आमचे कागद चाळले आणि एकच उणीव सांगितली: जुन्या मालकिणीचे पत्र. मुदत शुक्रवारपर्यंत. घरात लवकरच पाळणा हलावयाचा होता, आणि सजवलेल्या खोल्यांचा करार जूनअखेर संपत होता.

दूरध्वनीवर सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाडं चोख दिलंत, घर रिकामं करून दिलंत; आता पुन्हा तिच्या दारी कशाला जायचं?" त्यांचे म्हणणे मनास लागले. तथापि भुयारी गाडीने निघालो. फ्रीडेनाउ आणि मोआबिट ही दोन्ही एकाच नवव्या मार्गावर आहेत, एवढीच काय ती सोय.

बाईंनी कॉफी दिली, प्रकृती विचारली. पण कागदाचे नाव काढताच त्यांनी चष्मा उतरून ठेवला. "हे मला लिहून देता येणार नाही." आम्ही अवाक् झालो. सव्वीस महिन्यांत एकदाही भाडे चुकले नव्हते! त्या शांतपणे म्हणाल्या, "भाडं चुकलं असं मी कुठे म्हणते? पण गेल्या वर्षीचा ऊष्णतेचा हिशेब अजून व्हायचा आहे. काही बाकी नाही असं आज लिहिलं, तर उद्या बाकी निघाल्यावर मी काय मागू?"

त्यांचे चुकत नव्हते. जर्मनीत 'थंड भाडे' निराळे व 'उबदार भाडे' निराळे. ऊब, पाणी, जिन्याची झाडलोट यांचा अंदाजे पैसा दरमहा घेतात, आणि खरा हिशेब वर्ष सरल्यावर बारा महिन्यांच्या आत द्यावयाचा असतो. म्हणून तीन महिन्यांपर्यंतच्या थंड भाड्याइतकी जी अनामत घेतात, तिचा काही भाग मालक तोवर राखून ठेवू शकतो. आमचाही तसा राहिला होता. नव्या जागी राहावयास आल्याचा दाखला मालकाने दिलाच पाहिजे, असा २०१५ पासून कायदा आहे; परंतु बाकी नसल्याच्या पत्रावर भाडेकरूचा सर्वसाधारण हक्क नाही, असे कार्ल्सरूहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ३० सप्टेंबर २००९ रोजी ठरविले. भरलेल्या पैशांची पावती मागावी, त्याहून अधिक नाही. कारणही बाईंनी सांगितले तेच: असे लिहून दिल्याने मालकाच्या स्वतःच्या मागणीस बाध येऊ शकतो. थोडक्यात, नवा मालक जे मागतो ते जुन्याने देण्याचे कारण नाही, आणि मधल्यामध्ये अडतो तो बिऱ्हाडकरू. हा न्याय आम्हांस कायद्याने बरोबर व व्यवहाराने अपुरा वाटतो.

निरोप घ्यावयास उठलो तोच बाई म्हणाल्या, "बसा. जे मला ठाऊक आहे ते लिहिते." कपाटातून त्यांनी बँकेचे उतारे काढले, सव्वीसही तारखा बोटाने तपासल्या, आणि शाईच्या लेखणीने लिहिले: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे भाडे दरमहा तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत मिळाले, ऊष्णतेचा हिशेब व्हावयाचा आहे, त्यापोटी अनामत माझ्याजवळ आहे. थोडे थांबून आणखी एक ओळ घातली: "हिवाळ्यात माझा पाय मोडला असता माझा कचरा यांनी खाली नेला." आम्ही ती गोष्ट विसरूनही गेलो होतो.

गुरुवारी तो कागद फ्रीडेनाउस दिला. गृहस्थांनी तो दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवर जरा थबकले, आणि आमचे आडनाव घंटीजवळ कसे लिहावयाचे ते विचारले.

सप्टेंबरात हिशेब आला. बाकी निघाली ती ८६ युरो. बाईंनी ती अनामतीतून वळती करून उरलेली रक्कम धाडली, आणि सोबत, न मागता, तो लांबलचक नावाचा पुरा दाखलाही पाठविला. बाळ तेव्हा दीड महिन्याचे होते.