वृक्षांचे पत्ते

चैत्रात, जेव्हा कंधारच्या जगत्तुंग तलावाच्या काठी पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते आणि किल्ल्याच्या खंदकालगतच्या वाटेवर कडुनिंबाच्या मोहोराचा मंद वास दरवळत असतो, तेव्हा मेलबर्न नगरीतील एल्म वृक्षांची पाने पिवळी पडू लागतात. आणि गुढीसाठी निंबाचा डहाळा शोधत फिरणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना दक्षिण गोलार्धाची ही उलटी ऋतुरीत पहिली काही वर्षे परकेपणाचा दाखलाच वाटत राहते. मलाही ती तशीच वाटली होती. मात्र त्या परकेपणाचे मूळ ऋतूंत नव्हते, तर येथील एकाही झाडाशी माझी ओळख नव्हती यात होते, हे पुष्कळ उशिरा उमगले.

आमच्या मुलखात बांधावरचा प्रत्येक गावरान आंबा हा एक स्वतंत्र असामी असे. ज्याच्या फळाला शेंदरी गाल तो शेंदऱ्या, ज्याच्या रसाला शेपूचा वास तो शेप्या, ज्याचा गर पांढुरका व घट्ट तो खोबऱ्या, आणि लहानशा गोल फळाची ती गोटी. कोयीपासून उगवलेला आंबा मातृवृक्षाचे गुण तंतोतंत उचलीत नाही, प्रत्येक रोप आपली चव बरोबर घेऊन येते, हे वनस्पतिशास्त्र आमच्या शेतकऱ्यांना त्या नावांतूनच अवगत झाले होते. भावाभावांच्या वाटण्या होत तेव्हा जमिनीबरोबर या झाडांचेही हिस्से पडत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तलाठी झाडांची नोंद करी, परंतु ती नुसत्या संख्येची. नाव मात्र गावाच्या मुखी राही. पारावरच्या पिंपळाची यथासांग मुंज लागे. आणि दिवेलागणीनंतर एखादे पोर पान तोडू लागले की घरातील म्हातारी माय, ‘लेकरा, झोपलंय ते, हात नको लावू,’ असे हळूच बजावी. तो उतरलेला आवाज मला आजही कोणत्याही प्रवचनापेक्षा थोर वाटतो. वनस्पतींच्या संवेदना जगदीशचंद्र बसूंनी आपल्या यंत्रांनी जगाला दाखविल्या. झाडाच्या निद्रेचा भंग होऊ नये म्हणून आपला स्वर खाली आणणाऱ्या घरांनी त्या पुराव्याची वाट पाहिली नव्हती.

अशा मुलखातून आलेल्या माणसाला सरकारी अनुक्रमांक धारण करणारा वृक्ष निर्जीव भासावा, हे स्वाभाविकच आहे. मेलबर्न नगरपालिकेच्या दफ्तरी सुमारे ७०,००० वृक्षांची नोंद आहे. १९९७ ते २००९ पर्यंत रेंगाळलेल्या दीर्घ अवर्षणाने या वृक्षांपैकी पुष्कळांची प्रकृती खालावली, तेव्हा पालिकेने २०१२ साली नागरी वनाचे धोरण आखून वृक्षच्छायेचे प्रमाण २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला. आणि २०१३ च्या सुमारास प्रत्येक वृक्षाला अनुक्रमांकाबरोबर स्वतंत्र ई-मेलचा पत्ताही बहाल केला. हेतू निव्वळ कारकुनी होता: फांदी मोडली, खोड किडले, तर नागरिकांनी त्या झाडाच्या नावे अर्ज करावा आणि खात्याने बंदोबस्त करावा. तसे अर्ज आलेही. पण त्यांच्यासोबत वृक्षांनाच उद्देशून लिहिलेली हजारो पत्रे येऊन पडली. लोकांनी एल्मचे कुशल विचारले, रोजच्या वाटेवर सावली दिल्याबद्दल कृतज्ञता कळविली, आपले सुखदुःख सांगितले. मेलबर्न कधी न पाहिलेल्या दूरदेशीच्या माणसांनीही लिहिले. कित्येक पत्रांना पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी वृक्षाच्या वतीने उत्तरेही धाडली.

वर्तमानपत्रांनी ही हकीगत एक गंमत म्हणून छापली, त्याचे मला वाईट वाटते. माणसे वनावर प्रेम करतात असे म्हणण्याची पद्धत आहे, परंतु जीव जडतो तो एका झाडावर, ज्याला हाक मारता येते आणि ज्याची खबर घेता येते अशाच एका झाडावर. शेंदऱ्याला आमच्या गावाने नाव दिले. येथे ते काम दफ्तरातील एका आकड्याने केले.

या नगरातील एल्मचे एक दैव असे की तोही विलायतेतून वसाहतवाल्यांबरोबर आलेला उपरा. युरोप-अमेरिकेतील त्याचे कोट्यवधी सगेसोयरे सालीतील भुंगेऱ्यांनी पसरविलेल्या बुरशीच्या रोगाने नामशेष झाले. ती बुरशी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यास अद्याप लागलेली नाही, म्हणून रॉयल परेडवर आणि फिट्झरॉय उद्यानात पूर्ण वाढलेल्या एल्मच्या ज्या रांगा आहेत, तशा आता पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी उरल्या आहेत. त्यांच्याखालून चालताना, कलमी केशरच्या बागा वाढत असता तुटत चाललेले आमचे बांधावरचे आंबे मला हटकून आठवतात.

परंतु या भूमीचे मूळ वृक्ष निराळे, आणि त्यांचे आप्तही निराळे. मेलबर्नच्या यारा पार्कमध्ये, क्रिकेटच्या सुविख्यात मैदानाशेजारी, रेड गमचे जुने व्रणांकित बुंधे आहेत. वुरुंजेरी लोकांनी होडीसाठी त्यांची साल काढली, ती झाड न मारता काढली. पश्चिमेकडील अरारात गावाजवळच्या जाब वुरुंग लोकांत मुलाची वार बीजासह भूमीत घालून वृक्ष वाढविण्याची परंपरा सांगतात. ते झाड त्या मुलाला जन्मभर वाट दाखविते अशी त्यांची श्रद्धा. जिथे आपली नाळ पुरली ती भूमी सुटत नाही, असे मानणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात महामार्ग रुंद करण्यासाठी तेथील एक जुना वृक्ष पाडण्यात आला, तेव्हा त्या लोकांनी केलेला शोक मी वर्तमानपत्रांतून वाचला आणि मला रत्नागिरी–नागपूर महामार्ग आठवला, जो लातूर, अहमदपूर व आमच्या शेजारच्या लोह्यावरून नांदेडला जातो. त्याच महामार्गावर सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा, ४०० वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष त्याच वर्षीच्या जुलैत आखणी बदलून वाचविण्यात आला. तेथे वृक्षाच्या बाजूने बोलणारे गाव उभे राहिले आणि सरकारने ऐकले. येथेही माणसे दीर्घकाळ झाडाखाली राहुट्या ठोकून बसली होती, पण त्यांचे ऐकले गेले नाही.

ज्येष्ठी पौर्णिमा येथे ऐन थंडीत येते. वड नाही, पण वडाच्याच कुळातला, फांद्यांवरून मुळ्या सोडणारा, सदापर्णी मॉरटन बे फिग उद्यानांत आहे. त्याच्या उघड्या मुळ्यांपाशी उभे राहिले की मला बोलावेसे वाटते आणि मी मराठीतच बोलतो. पाऊस पडला काय, फांदी कशी आहे, एवढेच. उत्तराची अपेक्षा नसते. पण जाताना खोडाला हात लावल्याशिवाय पाय निघत नाही, आणि या नगरात मी कोणाचा तरी आहे असे वाटण्यास तेवढे पुरते.

कंधार तालुक्यातील वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या बांधावर जो गावरान आंबा अजून उभा असेल, त्याचे नाव, तो कोणी लावला आणि त्याच्या फळाची चव कशी, एवढे वहीत उतरवून गावच्या शाळेत ठेवावे. ही नावे ठाऊक असलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. विचारायचे तर येत्या आंब्याच्या दिवसांतच विचारावे.