सोवळ्यातलं पातेलं

दोस्तहो, भुकेवर आपण पुष्कळ लिहिलं. आपल्या दर अंकात भाकरीवर एक तरी कविता असतेच. मी आज जुलाबावर लिहिणार आहे. हसायचं तर हसून घ्या. पण त्यापायी माझ्या मायचं काम गेलं आणि एक म्हातारी जिवानिशी गेली, म्हणून लिहितो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघाला. जिल्हा झाला, हाताला काम काही आलं नाही. दिवाळी सरली की वस्तीतली माणसं ऊसतोडीला जातात, शिकलेली पोरं पुण्याला. मागं उरतात म्हातारी. ज्यांच्या पोरांना पगार आहे त्यांची वृद्धाश्रमात, आमची ओसरीवर शेजारणीच्या भरवशावर. असल्याच एका वृद्धाश्रमात माय भांडी घासायला होती. त्याचं नाव लिहीत नाही.

तिथल्या स्वयंपाकघराला उंबरा होता. मायची हद्द उंबऱ्याबाहेर. काकू आतून खरकटं पातेलं आणून उंबऱ्यावर ठेवायच्या. माय ते नळावर न्यायची, घासायची, आणून पालथं घालायची. मग काकू हौदातलं पाणी त्यावर शिंपडून ते आत घ्यायच्या. हौद कधी धुतला होता देव जाणे, आणि देव तर आपण मानत नाही. माय काकूंपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तरी ती त्यांना 'काकू' म्हणायची. त्या तिला 'ए बाई' म्हणायच्या. आणि साबण? साबण बाहेर, भांड्याच्या नळावर. आत कणीक मळणाऱ्या हाताला साबण नव्हताच. म्हणजे दिवसभर जिचे हात साबणात, ती बाटवणारी.

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. सोमवार होता. एका व्यापाऱ्यानं बापाच्या नावानं म्हाताऱ्यांना फराळ द्यायचं ठरवलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सात वाजता सगळं शिजून तयार. पण फोटो काढायचा होता आणि फोटोत पाहुणे पाहिजे होते. पाहुणे आले अडीचला. तोवर मोठ्या पातेल्यातली भगर झाकून तशीच. बाहेर पाऊस, आत दमट गरमी. काकूंचं बोट सुरीनं कापलेलं, त्यावर चिंधी, आणि त्याच हातानं वाढणं. माय उंबऱ्याबाहेरून हे सगळं बघत होती. तिनं एकदा म्हटलं, "काकू, आमटीला फिरून उकळी आना, लई येळ झाला." उत्तर आलं, "तू भांड्याचं बघ."

नंतर मी यावर जमेल तेवढं वाचलं. मायची सूचना अर्धीच बरोबर होती. शिजलेलं अन्न खायचं तर कढत खावं, नाहीतर लवकर थंड करून फ्रीजात ठेवावं. मधल्या कोमट अवस्थेत, म्हणजे साधारण पाच ते साठ अंशांच्या दरम्यान, जंतू भराभर वाढतात. मोठ्या पातेल्यात मधलं अन्न तासन्‌तास कोमटच राहतं. पिकलेल्या जखमेतून जे जंतू अन्नात उतरतात, त्यांचं विष एकदा तयार झालं की उकळीनंही मरत नाही. भगरीचं आणखी वेगळं. पावसाळ्यात तिला ओल लागली की बुरशी धरते, आणि काही बुरशींचं विषही शिजवून जात नाही. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकादशीच्या भगर-आमटीनं दोन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली. तिथंही अन्न सोवळ्यातलंच असणार, उपासाचं. जंतूला एकादशी कळत नाही.

जवान माणूस दोन दिवस ओकतो आणि उठतो. म्हाताऱ्याचं तसं नसतं. त्याला तहान कमी लागते, अंगातलं पाणी आधीच कमी, त्यात बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या. चार जुलाब झाले की डोळे खोल जातात.

रात्री नऊपासून सुरू झालं. एकामागून एक अकरा जण. ओकारी काढायला मायला घरून बोलावलं. तेव्हा तो उंबरा कुठं गेला होता कोण जाणे! माय थेट आत, खोल्याखोल्यांतून, म्हाताऱ्यांची अंगं पुसत. आशाताईनं वस्तीत शिकवलेलं तिच्या ध्यानात होतं : लिटरभर उकळून निववलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तिनं ते केलं आणि एकेकाला घोट घोट पाजत बसली. (१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो माणसं जगवली होती. मायला हे नाव माहीत नाही.) एक रिटायर गुरुजी होते. त्यांनी मायच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. त्या रात्री दोन तांबे प्याले. सकाळी दवाखान्यात त्यांना सलाईन लागली, तेव्हा माय समोर दिसली तर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. लाज वाटली की विटाळ वाटला, मला अजून ठरवता आलेलं नाही. माय म्हणते, झोप आली आसंल.

तिसऱ्या दिवशी एक आजी गेली. वय झालं होतं म्हणाले.

मग चौकशी. चौकशी म्हणजे व्यवस्थापकानं खुर्चीत बसून विचारलं, "भांडी कोण घासतं?" बस्स. अन्न कोणी शिजवलं, किती वाजता शिजवलं, किती वाजता वाढलं, हाताला काय झालं होतं, यातलं काही नाही. भांडी कोण घासतं! माय कामावरून गेली. तिच्या मागं स्वयंपाकघरात गोमूत्र शिंपडलं, हे तिथल्याच एका बाईनं सांगितलं.

दोस्तहो, ही रीत आपल्याला नवी नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्यानंतर तळं बाटलं म्हणून दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी त्यात ओतून ते शुद्ध करून घेतलं. प्यायच्या पाण्यात शेण! आपण महाड हक्काची लढाई म्हणून शिकलो, ते बरोबरच आहे. पण माणसाच्या हातानं पाणी नासतं आणि शेणानं निर्मळ होतं, हे डोकं अजून किती स्वयंपाकघरांत भात शिजवतंय, ते आपण कधी मोजलं नाही.

मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू. तो मी झेरॉक्स करून नेला होता. साहेब भला माणूस वाटला. म्हणाला, उरलेलं अन्न आहे का? नमुना पाहिजे. मी घरी येऊन मायला विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्याच घासलं रं बापू. दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी पातेलं बाहेर आनून ठिवलं. म्हनले, आधी हे घास. म्या घासलं." पुरावा तिच्याच हातानं धुऊन घेतला, आणि तिच्याच हातांवर आळ.

त्या रात्री मी कुठं होतो? अभ्यासवर्गाला. विषय होता संस्कृती आणि सत्ता. मायचे तीन मिस्ड कॉल आले, मी नंतर बघू म्हणून मोबाईल पालथा घातला. बिहारमध्ये, गंडामणच्या शाळेत, जुलै २०१३ मध्ये दुपारच्या जेवणानं तेवीस लेकरं मेली. तेलात शेतीचं कीटकनाशक होतं. तेव्हा आपण मोर्चाची पत्रकं काढली. पण आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहाच्या, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात आपल्यातलं कोण डोकावलं? तेल कशात ठेवतात, हात कशानं धुतात, हे विचारणं आपल्याला बायकी काम वाटतं. मलाही वाटायचं.

गेल्या बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीत खीरदान होतं. मे महिना, ऊन अंग जाळणारं. सकाळी आठला दोनशे माणसांची खीर तयार झाली. वक्ते यायचे होते अकराला, आले तीनला. लोक ताटकळले होते. मी पोरांना म्हटलं, चला, वाटप सुरू करा. माय पुढं आली, झाकण काढलं, वास घेतला. वास चांगलाच होता. तिनं विचारलं, "कितीला उतरवली?" पोरं म्हणाली, आठला. मायनं पातेल्याला हात घातला, दुसऱ्या बाजूनं शेजारच्या मावशीला धरायला लावलं आणि सगळी खीर नालीत ओतली. पोरं माझ्यावर खवळली. वर्गणीचे पैसे, दुधाचे पैसे. वक्त्यांनी विचारलं, काय झालं? कोणी बोलेना.

माय तिथंच खाली बसून पातेलं घासायला लागली. मान वर न करता म्हणाली, "फुडच्या टायमाला पाव्हना आल्यावर चूल पेटवा."